बाकरवडी मिळते, पण दाढ दुखली तर?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशी मुलांकडे स्थायिक झालेल्या आजी-आजोबांचं जे गोड गोड चित्र आलंय, ते वाचून कालपासून डोकं फिरलंय. इथे अमेरिकेत एडिसनच्या ओक ट्री रोडवर बाकरवडी मिळते, गणपती थाटात बसतो, हवा स्वच्छ. सगळं कबूल. पण म्हातारपणी दुखणं निघालं तर काय, यावर लेखकमहाशयांना एक ओळ सुचू नये?

ग्रीन कार्डावर आलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या सरकारी ज्येष्ठ-आरोग्यविम्याचा, हप्ता भरून नाव घालायचं, तरी आधी पाच वर्षं सलग इथे काढावी लागतात. तोवर बाजारातली पॉलिसी. हप्ता मुलगा भरणार, शिवाय डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे देण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम, आहेच. आपली तिकडची मेडिक्लेम इथे शोभेला.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ह्यांची दाढ ठणकायला लागली. दात आमच्या पॉलिसीत बसत नाहीत. रूट कॅनॉलचा आकडा ऐकला आणि माणसाने मुलापुढे हूं का चूं केलं नाही. लवंगेचं तेल, मिठाच्या गुळण्या, गुरगुट्या भात. सून विचारायची, "बाबा, जेवत का नाही?" तर "भूक नाही गं." उभी हयात एसटीत काढलेला, अख्खा डेपो ज्याच्या आवाजाला दचकायचा तो हा गृहस्थ! बरं, गुपचूप एकट्याने दवाखाना गाठावा, तर गाडीशिवाय इथे कोपऱ्यापर्यंतही जाता येत नाही, आणि गाडी म्हणजे मुलाची रजा. शेवटी नाशिकला गेलो तेव्हा सुजलेल्या गालानेच दाढ काढून घेतली. डॉक्टर ओरडले, "इतके दिवस कुठे होतात?" अमेरिकेत होतो, हे सांगायची मला लाज वाटली.

'ज्येष्ठांनी मानसिकता बदलावी' असा सल्लाही लेखात आहे. बदलतो हो. लेखकांनी तेवढी एखाद्या पॉलिसीची बारीक अक्षरं वाचून काढावीत.

आणि लिहायला बसलेच आहे तर: तुमच्या ई-पेपरचा ओटीपी फक्त भारतातल्या मोबाइलवर येतो. आमचं ते सिम नाशिकला पुतण्याकडे. तो झोपेतून उठून आकडे कळवेपर्यंत मुदत संपते. वर्गणी मात्र वर्षाची आगाऊ घेतलीत! ओटीपी ईमेलवर पाठवायची सोय कधी करताय, तेवढं कळवा.

आपली,
एक वर्गणीदार वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळची नाशिकची)