द्या काय द्यायचं ते

धनकवडी, पुणे
24 नोव्हेंबर 2025

ती. आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

आज सोमवार, पार्लर बंद. परवा आई, तू फोनवर म्हणालीस, "घरच्या माणसांकडून पैसे घेतलेस? जीभ कशी रेटली तुझी?" तेव्हा समोर खुर्चीत एक बाई डोळे मिटून बसलेल्या, त्यांची एक भुवई झालेली, एक राहिलेली, आणि दोरा माझ्या दातात. बोलणार काय! शिवाय तू चिडलीस की मला शब्द सुचत नाहीत, हे तुला माहीतच आहे. म्हणून लिहायला बसले.

काकूंनी काय सांगितलं ते सोड, झालं ते असं. तुळशीचं लग्न लागलं की आमची धावपळ सुरू होते. त्यातल्या ऐन रविवारी काकू, आत्या आणि वहिनी नवरीला घेऊन आल्या. चौघींचं फेशियल आणि वॅक्स. मी आणि माझ्याकडची मुलगी, दोघी सकाळी दहाला उभ्या राहिलो त्या दोन वाजता टेकलो. नवरीचं मी केळवण समजून केलं, तिचा रुपया घेतला नाही. बाकी तिघींचे तेराशेप्रमाणे 3,900 झाले. ते घेतले. घेताना माझाही हात अडखळला, खोटं कशाला सांगू. पण त्या चार तासांसाठी आधीच्या दोन अपॉइंटमेंट मी पुढे ढकलल्या होत्या, आणि त्यातली एक बाई नंतर आलीच नाही.

अण्णा, तुम्हाला हिशेब दाखवते, तुम्हाला पटेल. गिरणीत तुम्ही म्हणायचात, "लोक पैसे किलोवर देतात, गिरणी खाते तासावर." मी लहानपणी ते नुसतं ऐकलं. एका डब्यासाठी तुम्ही मोटर चालू करायचा नाहीत. चार-पाच दळणं जमली की आधी गहू, मग ज्वारी, आणि डाळ शेवटी. माझ्याही खुर्चीचं तसंच आहे हे कळायला मला सहा वर्षं लागली. इतके दिवस मी काय करत होते? समोरच्या पार्लरचं दरपत्रक बघायचं आणि दहा रुपये कमी लावायचे. त्यांचं भाडं किती, जागा स्वतःची आहे का, मला काय ठाऊक!

या जूनमध्ये भाडेकरार नवा झाला, तेव्हा वही काढली. भाडं 14,000, लाइट बिल 3,000, मुलीचा पगार 12,000, टॉवेल धुणं, चहा, साबण, फोन मिळून 3,000. झाले 32,000. मग थांबले. यात माझा पगार कुठे होता? वर्षानुवर्षं मी तो धरलाच नव्हता, उरेल तो माझा. या वेळी 25,000 धरला. एकूण 57,000. महिन्याचे 26 दिवस, दोघींचे चार हात, आणि दिवसाकाठी प्रत्येकीचे खरे कामाचे तास पाचच. बाकीचा वेळ वाट बघण्यात, नाहीतर झाडण्यात जातो. मिनिटाला साडेतीन रुपयांच्या वर पडतात, अण्णा! बाई खुर्चीत बसली की मीटर सुरू.

आता आयब्रो बघा. बसवायचं, पावडर लावायची, दोरा, आरसा, "इथे जरा जाड वाटतेय का गं?", मग कोरफडीचं जेल. दहा मिनिटं. म्हणजे 36 रुपये, दोरा वेगळा. मी घेत होते 40. फेशियलची तर गंमतच. मला वाटायचं फेशियलवरच माझं पार्लर चालतं. सव्वा तास लागतो, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास. एका वेळचं किट 220 चं. कापूस, टिश्यू, हेडबँड धरून पाचशेच्या वर जातं, आणि दर होता 500. बाई खूश होऊन जायची आणि मी पदरचे देत होते. कमवत होतं ते बिचारं वॅक्स.

गेल्या वर्षी दिवाळीत मी अर्ध्या किमतीची पाटी लावली होती, आठवतं? गल्ला भरला म्हणून तुम्हाला फोन केला होता. डिसेंबरात माल देणाऱ्याचं बिल आलं तेव्हा कळलं तो गल्ला कुणाचा होता ते.

तर जुलैपासून आयब्रो 60, फेशियल 800. अप्परलिपचे 20 वेगळे. त्यावरूनच जास्त कुरकुर झाली, कारण भाजीवर कढीपत्ता मागावा तसं "अप्परलिप त्यातच करा ना" म्हणायची सवय. काहीजणी गेल्या. दोघी-तिघी परत आल्या, काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. सप्टेंबरच्या 22 तारखेपासून पार्लरच्या कामावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, तेव्हा पुन्हा सुरू: "आता उतरले असतील ना दर?" माझी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, मी जीएसटी लावतच नाही, तर उतरवू काय? शाम्पू-पावडरीवरचा कमी झाला, पण फेशियलची क्रीमं 18 टक्क्यांतच आहेत.

आई, तुला राग येईल, तरी लिहिते. मला दर सांगताना घाम फुटायचा तो तुझ्याकडून आलाय. तू आळीभर ब्लाउज शिवलेस. बाया विचारायच्या, "किती झाले?" तू मान खाली घालून हातशिलाई करत म्हणायचीस, "द्या काय द्यायचं ते." त्या देत, ते तू न मोजता बिस्किटाच्या डब्यात टाकायचीस. अस्तर पुष्कळदा तुझ्याच पैशाचं असायचं. बाजारात शंभर घेत तेव्हा तुझ्या हातावर साठ पडायचे, आणि वर "तुमच्यासारखा गळा कुणाला जमत नाही" हे फुकट. मला तेव्हा तुझा अभिमान वाटायचा. आता तुझ्या मानेचा पट्टा बघते तेव्हा तो डबा आठवतो.

सगळीकडे मी कडक झाले असं समजू नकोस. आमच्या सोसायटीत जिने झाडणाऱ्या मावशींना आयब्रो अजून चाळीसलाच आहेत. ते मी ठरवून केलंय. तसं नवरीचंही ठरवूनच केलं. काकूंनी मात्र ठरवायचं माझ्या हातात ठेवलंच नाही, "घरचंच पार्लर आहे" म्हणत चपला काढल्या. त्यांचा फोन आला तर वाद घालू नकोस, माझा नंबर दे.

अण्णा, वहीच्या पानाचा फोटो धाकट्याच्या मोबाइलवर पाठवते. कामाचे तास पाच धरलेत ते जास्त वाटतात का, ते बघा. लग्नाला येते आहेच, आहेर घेऊन.

तुमची,
थोरली

ता. क. आई, पलीकडच्या वहिनी लग्नासाठी चार ब्लाउजपीस ठेवून गेल्यात म्हणे. मान सांभाळून शिव, आणि अस्तराचे पैसे आधी घे.