साचा आणि फणी

स्टुटगार्ट,
आगमनकाळाचा पहिला रविवार,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलेस, की आपल्या घरच्या नाताळात आपले किती आणि इथले किती. छकुली आता दोन वर्षांची आहे, या वर्षी ती प्रथमच सगळे समजून पाहणार आहे, आणि तिच्यापुढे काय ठेवायचे हे तुम्हा दोघांना ठरवायचे आहे. त्या वेळी मी विषय बदलला, कारण उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. आज आगमनकाळाचा, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार, म्हणून संध्याकाळी मेणबत्त्यांच्या चक्रावरची पहिली मेणबत्ती लावली, तुझ्या बाबांनी प्रार्थना म्हटली, आणि ते निजल्यावर मी हे लिहायला बसले आहे.

सुरुवात या मेणबत्तीपासूनच करते, कारण ती तुझ्या गावची आहे. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विशेर्न नावाचे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी आश्रम चालवत असत. नाताळ किती दिवसांवर आला, असे ती मुले रोज विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या प्रत्येक दिवसासाठी एक छोटी तांबडी. पुढे घरोघरी केवळ रविवारच्या चार उरल्या, आणि कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र पहिल्यांदा लागले ते १९२५ साली, कोलोन शहरात. वसईच्या आपल्या चर्चमध्ये वेदीशेजारी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती पाहून मी असे धरून चालले होते, की ही आपल्या वाडवडिलांपासून चालत आलेली रीत आहे. इथे आल्यावर कळले, की ते एका प्रोटेस्टंट माणसाने मुलांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर होते. तुझ्या सासूबाई चारही मेणबत्त्या तांबड्या लावतात म्हणून तू त्यांच्याशी वाद घालू नकोस. हे चक्र आपल्या घरात येण्याआधी त्यांच्या घरात होते.

आता जे सांगायचे आहे, ते मी इतक्या वर्षांत तुला कधी सांगितले नाही. तू चार वर्षांची होतीस. डिसेंबरच्या ५ तारखेच्या रात्री झोपण्यापूर्वी आमच्या दाराबाहेर, जिन्यात, तुझा एक बूट मला दिसला. त्याला चिखल होता, तू तो ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला होतास आणि त्यामुळे तो अधिकच मळला होता. बालवाडीतल्या बाईंनी तुम्हाला संत निकोलस यांची गोष्ट सांगितली असणार, पण मला तेव्हा जर्मन नीट समजत नव्हते आणि वसईला संत निकोलस बुटात खाऊ ठेवून जातात असे आम्ही कधी ऐकलेले नव्हते. शेजारी काय म्हणतील, या विचाराने मी तो बूट आत आणून कपाटात ठेवला. सकाळी तू दार उघडलेस. समोरच्या घरातल्या दोन मुलांचे बूट अक्रोड, संत्री आणि चॉकलेटने भरलेले होते, आणि तुझ्या बुटाची जागा रिकामी होती. तू रडली नाहीस, मला काही विचारलेही नाहीस. मुकाट्याने कपाटातून तोच बूट काढून पायात घातलास. मला सारे कळले ते तुला सोडून परत येताना, खालच्या मजल्यावरच्या ओमांनी, म्हणजे जर्मन आजींनी, मला थांबवून हातवारे करून समजावले तेव्हा. त्यांनी त्याच संध्याकाळी एक कागदी पिशवी तुझ्या हाती दिली आणि सांगितले, की निकोलसबाबांना वरचा जिना चढवला नाही म्हणून ते तुझा वाटा त्यांच्याकडे ठेवून गेले. तू विश्वास ठेवलास. त्या सकाळबद्दल मी तुझी माफी मागते, बाय.

त्या प्रसंगापूर्वी माझी अशी धारणा होती, की परक्या मुलखात आपला नाताळ टिकवायचा तर दार घट्ट लावून घेतले पाहिजे. तोवर पहिली दोन वर्षे मी एकट्याने वसईचा सगळा फराळ करत होते, आणि खाणारी माणसे आपण तिघेच होतो. वसईला माझी आई, आत्या, काकू आणि शेजारच्या दोन घरांतल्या बायका एकत्र बसून कुलकुल, म्हणजे नाताळच्या फराळातला पिठाचा गुंडाळलेला पदार्थ, वळत, दुपारभर हसणे-बोलणे चाले, आणि आम्हा मुलांना नवी कोरी फणी देऊन तिच्या दात्यांवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायला शिकवत. इथे मी एकटी बसून शंभर-सव्वाशे कुलकुल वळले आणि मध्येच उठून खिडकीशी जाऊन रडले, हे तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही. पदार्थ तोच होता, चवही बरीचशी तीच होती, पण तो एकटीने वळायचा पदार्थच नव्हता.

बुटाच्या प्रसंगानंतरच्या शनिवारी ओमांनी आपल्याला खाली बोलावले. त्यांच्या स्वयंपाकघरात श्प्रिंगरलेचे पीठ लाटून ठेवलेले होते आणि त्यावर नासपतीच्या लाकडाचे कोरीव साचे दाबायचे काम तुझ्याकडे आले. या स्वाबियन भागात नाताळच्या बिस्किटांना गुट्स्ले म्हणतात आणि श्प्रिंगरले त्यांतले सर्वांत मानाचे. त्यांना बडीशेपेसारखा वास असतो, आणि छाप उठवल्यावर ती पूर्ण रात्र उघड्यावर सुकवावी लागतात, म्हणजे वरचा पापुद्रा कडक होऊन चित्र जसेच्या तसे राहते आणि भट्टीत फुगवटा खालच्या बाजूने येतो. त्या फुगवट्याला इथे ‘पाय’ म्हणतात, आणि ज्या बिस्किटाला पाय फुटले नाहीत ते बिघडले, असे ओमा मानत. तू साचा दाबलास, उचललास, आणि पिठावर उमटलेले पाखरू पाहून मला म्हणालीस, ‘आई, फणीसारखेच!’ मी लगेच वर जाऊन फणी घेऊन आले. त्या दुपारी ओमांनी कुलकुल वळले आणि मी श्प्रिंगरले छापली, आणि पुढे सोळा वर्षे, ओमा होत्या तोवर, आगमनकाळातला दुसरा शनिवार त्यांच्या स्वयंपाकघरात ठरलेला असे. सोबतच्या पार्सलात पाखराचा तो साचा आहे. तो त्यांनी जाण्यापूर्वी तुझ्या नावाने माझ्याकडे दिला होता. त्याच कागदात फणीही गुंडाळली आहे. साचा पाण्याने धुऊ नकोस, कोरड्या ब्रशने झाड. ओला झाला तर लाकूड तडकते.

गोठ्याचे मात्र वेगळे झाले, आणि ते कोणाकडून आले नाही. वसईला डिसेंबर उजाडला की गावातले तरुण रस्त्याकडेला पेंढा, माती आणि बांबू आणून येशूजन्माचे देखावे उभारतात, घरोघरी लहान गोठा असतो आणि २४ तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला सगळे गाव नवे कपडे घालून निघते. आम्ही इथल्या पहिल्या नाताळात तुला कांबळ्यात गुंडाळून, बर्फातून चालत, रात्री पावणेबाराला चर्चच्या दारी पोहोचलो. माणसे बाहेर पडत होती, एकमेकांना शुभेच्छा देत होती. मिस्सा दहा वाजता सुरू होऊन संपलीही होती. वेळ विचारून घ्यावी, हे आमच्या मनातच आले नव्हते, कारण नाताळची मिस्सा बारा वाजता असते यात विचारण्यासारखे काय होते! आत वेदीवरचे दिवे मालवत होते. आम्ही गोठ्यापुढे दोन मिनिटे गुडघे टेकले आणि घरी परतलो. घरी बारा वाजायला अजून चार मिनिटे होती. तेव्हा तुझ्या बाबांनी ट्रंकेतून आणलेला, वसईहून आलेला मातीचा बाळ येशू काढला, चपलांच्या खोक्याच्या गोठ्यात मारिया आणि योसेफ यांच्यामध्ये रिकामी ठेवलेली गव्हाणी होती तीत तो ठेवला, आणि दोघांनी मराठीत एक गीत म्हटले. तेव्हापासून आपण दहाची मिस्सा करून घरी येतो आणि बरोबर बाराला बाळाला गव्हाणीत ठेवतो. तू म्हणालीस, ही वसईची रीत आहे. वसईची नाही, बाय, आणि जर्मनीचीही नाही. ती चुकलेल्या वेळेतून आपल्याच घरात जन्मली आहे.

दारातल्या चांदणीबद्दल तू विचारले नाहीस, तरी सांगते. मी लहान असताना माझे काका बांबूच्या कामट्या तासून पतंगी कागदाची चांदणी करत. इथे हेर्नहुट गावच्या नावाने ओळखली जाणारी चांदणी पाहून बाबांनी तिची टोके मोजली, तेव्हा ती पंचवीस भरली, सतरा चौकोनी तळाची आणि आठ त्रिकोणी. ती एकोणिसाव्या शतकात मोरावियन पंथाच्या शाळेत भूमिती शिकवताना तयार झाली, हे वाचून त्यांना फार आनंद झाला आणि त्यांनी कामट्यांची चांदणी करणे सोडून दिले. मला ते आजही खटकते. काकांची चांदणी वाऱ्यावर फडफडत असे, ही फडफडत नाही. छकुलीसाठी एक कामट्यांची करावी, असा मी त्यांच्यामागे लकडा लावला आहे.

जेवणाचे सोपे आहे. चोवीसच्या रात्री इथे बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज खातात, कारण दिवस धावपळीचा असतो. आपल्याकडे ते स्वाबियन पद्धतीचे, गरम रश्शात मुरवलेले असते आणि तुझ्या सासरी मेयोनेज घालतात. त्या दिवशी त्यांच्या पद्धतीचे करा. पंचवीसच्या सकाळी मात्र फुगे, म्हणजे आपले आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, झालेच पाहिजेत. माझी आई पीठ ताडीने आंबवत असे. इथे ताडी कुठली? मी ताज्या यीस्टची बेचाळीस ग्रॅमची एक वडी किलोभर मैद्याला घालते, त्यात अंडी, नारळाचा रस, साखर आणि मीठ, आणि पीठ रात्रभर हीटरजवळ ठेवते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून गोळा पिळून तेलात सोडण्याचे तुला एव्हाना जमायला हवे होते. या वेळी पुन्हा दाखवीन.

६ जानेवारीला इथे सुट्टी असते, तुमच्याकडे नसते, म्हणून तीन राजांचा सण तुझ्याकडून सुटत गेला, हे मला समजते. पण नऊ वर्षांची असताना तू सोनेरी कागदाचा मुकुट घालून स्टेर्नझिंगर, म्हणजे तीन राजांच्या वेशात गाणाऱ्या, मुलांबरोबर दारोदार गायला गेली होतीस, जगभरातल्या गरजू मुलांसाठी डबा फिरवला होतास, आणि आपल्या चौकटीवर खडूने साल आणि तीन अक्षरे लिहिताना तुझा हात पोहोचेना म्हणून बाबांनी तुला उचलून घेतले होते. त्या तीन अक्षरांना लोक राजांच्या नावांची आद्याक्षरे समजतात, पण लॅटिनमध्ये त्यांचा अर्थ ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ असा आहे. खडूचा तुकडा पार्सलात ठेवला आहे. सुट्टी नसली तरी लिहायला पाच मिनिटे लागतात.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी वाटणी करून देऊ शकत नाही. एवढेच म्हणेन, की छकुलीला हे सगळे एकाच वर्षी देऊ नकोस आणि भेटवस्तूंचा ढीगही लावू नकोस. चार आठवडे वाट पाहणे हा या सणाचा मोठा भाग आहे आणि तो विकत मिळत नाही. ५ तारखेच्या रात्री तिचा बूट दाराबाहेर ठेव. स्वच्छ नसला तरी चालेल.

आम्ही २३ तारखेला, मंगळवारी, दुपारच्या गाडीने निघून रात्री पोहोचू. चोवीसला दुकाने दोन वाजता बंद होतात आणि पुढचे दोन दिवस उघडत नाहीत, म्हणून यीस्टच्या दोन वड्या आणि नारळाच्या रसाचे तीन डबे सोमवारीच आणून ठेव. बाळ येशू मी हातपिशवीतून आणते आहे, तोवर गव्हाणी रिकामीच असू दे.

जावयांना आणि सासूबाईंना आमचा नमस्कार, छकुलीला पापा.

तुझी,
आई