विमा ऑनलाइन की माणसाकडून? दादा-वहिनींना पत्र

ती. दादा आणि वहिनी,
सा. न.

विम्याचं फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ऑनलाइन घ्यावा की सल्लागाराकडून, असं दादाने विचारलं होतं. माझं मत आधीच सांगते: टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा आयुर्विमा, ऑनलाइन घे, थेट कंपनीच्या साइटवरून. आरोग्य विमा मात्र जाणत्या माणसासमोर बसून घे, कारण तुला शुगर आहे.

टर्ममध्ये ठरवायचं थोडं असतं. रक्कम किती आणि मुदत किती. दोन कंपन्यांचे हप्ते शेजारी ठेवून बघता येतात. आरोग्य विम्यात तसं नाही. हप्ता कमी दिसतो तिथे बहुधा काहीतरी काढून घेतलेलं असतं: खोलीच्या भाड्यावर मर्यादा, बिलाचा काही टक्के वाटा आपल्या माथी मारणारा को-पे, नाहीतर लांबलचक वेटिंग पिरियड, म्हणजे जुन्या आजारांचा खर्च मिळायला लागेपर्यंतचा थांबण्याचा काळ. खोलीभाड्याची मर्यादा तर फारच फसवी असते. तिच्यापेक्षा महाग खोली घेतली, तर बऱ्याच पॉलिसींमध्ये नुसता भाड्यातला फरक आपल्यावर येत नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चसुद्धा त्याच प्रमाणात कापून मिळतो. स्क्रीनवर हप्त्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि हे सगळं कुठेतरी आतल्या पानात. असं पान उघडून दाखवणारा माणूस मिळाला तर त्याचे पैसे वसूल आहेत.

आता त्या माणसाला पैसे कोण देतो, हा प्रश्न. इथे नेदरलँड्समध्ये २०१३ पासून आयुर्विम्यासारख्या गोष्टींवर सल्लागाराने कंपनीकडून कमिशन घ्यायला बंदी आहे. सल्ला हवा असेल तर फी आपण द्यायची, तीही आधी सांगितलेली. सुरुवातीला लोकांना हे जड जातं, फी डोळ्यांना दिसते ना. पण कमिशन असतं तेव्हाही ते आपल्याच हप्त्यातून जातं, दिसत नाही एवढंच. आणि ते हप्त्याच्या टक्क्यांत असल्यामुळे स्वस्त टर्म विकून एजंटाच्या हाती फार काही लागत नाही. टर्म मागायला गेलेल्याला ‘पैसे परत मिळणारी’ पॉलिसी का दाखवतात, ते यावरून समजून घे. सगळे एजंट तसे असतात असं मी मुळीच म्हणत नाही. पण समोरच्याला सरळ विचारायचं: तुम्ही एकाच कंपनीचे की अनेकांचे? यात तुम्हाला काय मिळतं? क्लेमच्या वेळी तुम्ही स्वतः काय कराल? जो मोकळेपणाने सांगेल त्याच्याकडे जा.

ऑनलाइन म्हणजे मध्ये कोणीच नाही, असंही समजू नकोस. पॉलिसींची तुलना करून देणाऱ्या साइटही सहसा विक्रीवरच कमावतात. तुलना तिथे कर, पण यादीत सर्वात वर आहे म्हणून एखादी पॉलिसी घेऊ नकोस.

सगळ्यात जास्त काळजी मला प्रपोझल फॉर्मची, म्हणजे विमा मागताना आपली माहिती भरून द्यायच्या अर्जाची, आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी म्हटलं होतं की धोका मोजायला जी माहिती लागते, ती बहुतेक वेळा विमा घेणाऱ्यालाच ठाऊक असते. कंपनी त्याच्या शब्दावर विसंबते, म्हणून त्याने काही लपवायचं नसतं. विम्याचा व्यवहार आजही यावरच उभा आहे. आणि नेमकी इथेच दोन्हीकडे घाई होते. ऑनलाइन फॉर्मवर आजारांचे प्रश्न एकापाठोपाठ येतात आणि बोट ‘नाही, नाही, नाही’ करत पुढे जातं. एजंट म्हणतो, ‘तुम्ही फक्त सही करा, बाकी मी भरतो.’ सही तुझी, म्हणजे उत्तरंही तुझीच. शुगर किती वर्षं आहे, गोळ्या कोणत्या, कधी ॲडमिट झाला होतास का, तंबाखू, घरातल्यांचे आजार, सगळं खरं लिही. ‘एवढं कशाला लिहिता, हप्ता वाढेल’ असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून पॉलिसी घेऊच नकोस. हप्ता वाढला तर वाढू दे. हप्ते भरूनही क्लेम नाकारला जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वहिनी, आता तुझ्यासाठी. टर्मचा क्लेम दादा करणार नाही, तुला करावा लागेल. हे लिहिताना हात अडतो, पण लिहायलाच हवं. म्हणून फॉर्म भरताना तू शेजारी बस. नॉमिनी म्हणून तुझं नाव आहे ना, स्पेलिंग तुझ्या कागदपत्रांशी जुळतं ना, ते स्वतः बघ. पॉलिसी आली की तिची प्रत नुसती दादाच्या ईमेलमध्ये राहायला नको, छापून घरात ठेवा आणि क्लेमचा नंबर त्यावरच लिहा. मिळालेली पॉलिसी पटली नाही तर फ्री-लुकच्या मुदतीत परत करता येते. ती किती दिवसांची आहे ते पॉलिसीवर छापलेलं असतं, तेवढ्या दिवसांत दोघं मिळून ती वाचून काढा.

आणि दादा, ऑफिसची मेडिक्लेम आहे म्हणून नवी पॉलिसी पुढे ढकलू नकोस. नोकरी सुटली की ती सहसा संपते, आणि वेटिंग पिरियड तेव्हा शून्यापासून सुरू झाला तर तुझं वय आणि शुगर दोन्ही वाढलेलं असेल.

पैसे भरण्याआधी भरलेल्या फॉर्मचा फोटो मला पाठव. रविवारी फोनवर एकेक प्रश्न घेऊन वाचू. आई-बाबांना नमस्कार सांग, पिल्लूला खूप पापे.

तुझी,
छोटी