कण्हेरीचा काढा पोटात नको

माननीय संपादक,

गेल्या आठवड्यात सकाळी शेजारी गेले, तर गॅसवर पातेल्यात लांबट, टोकदार पाने रटरटत होती. एकेका पेराला तीन-तीन पाने असलेली फांदी ओट्यावर दिसली आणि मी आधी गॅस बंद केला. कण्हेरीचा काढा उपाशीपोटी घेतल्यास मधुमेह जातो, असा मजकूर त्यांच्या मोबाईलवर आला होता; पाने तर कुंपणालाच होती.

कण्हेर औषधी नाही, असे माझे म्हणणे नाही. आयुर्वेदात तिला करवीर म्हणतात. चरकसंहितेने कुष्ठघ्न, म्हणजे त्वचारोग घालवणाऱ्या, द्रव्यांत तिची गणना केली असून त्वचारोगांवर तिचा लेप किंवा सिद्ध तेल बाहेरून लावण्याची परंपरा जुनी आहे. मात्र ज्या शास्त्राने हे गुण सांगितले, त्यानेच तिला उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, बसवले आणि ‘हयमारक’, म्हणजे घोड्याला मारणारी, असे नावही दिले. वैद्य दुधात शोधन (शुद्धीकरण) करून, मात्रा मोजून तिचा उपयोग करतात. मोबाईलवरच्या मजकुरात यातले अक्षरही नव्हते.

पान, फूल, खोड, मूळ या सर्वांत असलेले ओलिअँड्रिनसारखे घटक हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात, आणि पाने वाळवल्याने किंवा उकळल्याने ते विष जात नाही. उलट काढ्यात ते उतरते. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तितकीच घातक असून तिच्या बियांनी श्रीलंकेत असंख्य बळी घेतले आहेत. केरळात 2024 च्या मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी (मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या संस्थांनी) नैवेद्य व प्रसादातून कण्हेरीची फुले वगळली. आपल्याकडेही ती देवाला वाहण्यास हरकत नसावी, पण तीर्थाच्या भांड्यात पाकळी पडता कामा नये.

चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीला बांधलेले कवंडळ हे विषारी रानफळ तोंडात घालायचे नसते, हे गोव्यातल्या मुलांना घरातच कळते. अंगणातल्या कण्हेरीबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण ती शोभेची! नगरपालिकांनी बालोद्यानांतून आणि शाळांच्या आवारांतून ती काढावी, निदान झाडापाशी ठळक फलक लावावा.

कोणी चुकून खाल्लीच, तर घरगुती उतारे करत न बसता, उलटी होण्याची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ इस्पितळात न्यावे आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी तिची एक फांदी बरोबर घ्यावी.

– एक वाचक, फोंडा