इराची तिसरी

म्युनिक, ११ जानेवारी

प्रिय मेधा,

तुम्ही सगळे म्युनिकला येताय, तर इरा-ओजसच्या शाळेचं काय करायचं, असं विचारणारा तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. रागावली असशील, पण दोन ओळींत उरकावं असं ते नव्हतंच. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच.

मंजूमावशी म्हणाली की इराची वार्षिक परीक्षा आटोपून मेअखेर निघायचं ठरतंय, म्हणजे ती इथे सप्टेंबरमध्ये थेट चौथीत बसेल. मेधा, हे करू नकोस गं. ओजसची मला काळजी नाही, पाच वर्षांचं पोर कुठेही रुळतं. इराची आहे.

बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, प्राथमिक शाळा चौथीला संपते. चौथीत मेच्या सुरुवातीला प्रगतिपत्रक मिळतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधल्या पायरीची), नाहीतर मिटलशूल (बहुतेक कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). (इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. सासूबाईंना आधीच सांग, नाहीतर ५ मिळाले म्हणून पेढे वाटतील!) शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे तिच्या हाती जेमतेम आठ महिने. तेवढ्यात मुलं मैदानावर फाडफाड बोलायला लागतात, आणि आईबापांना वाटतं भाषा आली. पेपरात अडतं ते शाब्दिक गणितात आणि निबंधात.

म्हणून फेब्रुवारीतच या. उरलेली तिसरी ती डॉइचक्लासमध्ये काढेल. नव्याने आलेल्या मुलांसाठी भाषेवर भर देणारा तो वर्ग असतो. मग सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापकांकडे पुन्हा तिसरीच मागा. मेमध्ये आलात तरी हेच मागा. आता तू म्हणशील, "वर्ष वाया जाईल." अकरावीच्या फॉर्मवरूनही तू हेच म्हणाली होतीस आणि आपण चार दिवस बोललो नव्हतो. मी तेव्हाही बरोबर होते! एक वर्ष मागे बसलेली पोरं इथे कितीतरी असतात, कुणी बोट दाखवत नाही. शिवाय पहिलीपासून जर्मन शाळेत नसलेल्या परभाषिक मुलांना, कमी गुण भाषेमुळे पडले असतील आणि ती उणीव भरून निघण्याजोगी असेल, तर ३.३३ सरासरीपर्यंतही शाळा गिम्नाझियमसाठी पात्र ठरवू शकते. वर्गशिक्षिकेशी हे चौथीच्या सुरुवातीलाच बोलायचं, एप्रिलमध्ये नाही. आणि नाहीच जमलं तरी पुढे शाळा बदलता येते. बर्लिनला बदली मिळत असेल तर तीही विचारून बघ, तिथे प्राथमिक सहावीपर्यंत आहे.

इंटरनॅशनल शाळेचं म्हणशील तर फी एका मुलाची वर्षाला वीस हजार युरोच्या घरात जाते. दोन वर्षांत नक्की परतणार असाल आणि फी कंपनी भरेल हे करारात लिहिलेलं असेल, तर खुशाल घाला. पण "आधी दोन वर्षं तिकडे, मग बघू" हे सगळ्यात वाईट, कारण मग अकराव्या वर्षी जर्मनचा श्रीगणेशा करावा लागतो.

आता घर. सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते. कंपनीच्या फर्निश्ड फ्लॅटचा पत्ता नोंदवलात की त्या हद्दीतली शाळा, आणि दोन महिन्यांनी घर बदललंत की नवी शाळा, नव्या बाई, नव्या मैत्रिणी. तात्पुरता फ्लॅट त्याच भागात घ्या जिथे पुढे राहणार. डॉइचक्लास प्रत्येक शाळेत नसतो, तेही आधी विचारायचं. पत्त्याची नोंदणी घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत, घरमालकाच्या सहीच्या कागदासह.

गोवराच्या दोन डोसांचा पुरावा नसेल तर ओजसला बालवाडीत पाऊल ठेवू देणार नाहीत आणि इराच्या मागे आरोग्य खातं लागेल. डॉक्टरांच्या लेटरहेडवर लसीचं नाव, तारखा, सही, सगळं इंग्रजीत घे. जन्मदाखले सोबत आण. ओजसचा अर्ज म्युनिकच्या किटा-फाइंडरवर (बालवाडी प्रवेशाची वेबसाइट) लगेच भरा, जागा फार कमी आहेत. शाळा काही दिवस सव्वाअकरालाच सुटते, त्यामुळे दुपारच्या सांभाळाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच द्यायचा.

तुझ्या थिसिसचं काय झालं? नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? सविस्तर लिही.

फ्लॅटचा पत्ता आला की सही करण्याआधी मला पाठव, कुठल्या शाळेच्या हद्दीत येतो ते बघून कळवते. आणि इराला इंग्रजी सातच्या मधोमध आडवी रेघ मारायची सवय आत्ताच लाव, इथे तसाच लिहितात.

तुझी,
शुभा