तिसरा कट्टा

आर्वी, मंगळवार रात्र

गजू भाऊ,

पत्राला महिना लागला, रागावू नको. इकडं सगळे बरे, मायचे गुडघे जुन्याच पाढ्यावर. पऱ्हाटीची दुसरी वेचणी चालू आहे.

दिवाळीत ट्रॉलीत सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, भरताना तू तिसऱ्या कट्ट्याला थांबलास. फालका धरून, तोंड उघडं टाकून उभा राहिलास आणि दुपट्ट्यानं घाम पुसायचं निमित्त केलंस. नानांपुढं मी गप्प बसलो, ते चुकलं. मग तू म्हणालास, "तिशी लागली बाप्पा, आता दम राहाते काय!" ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

तिशीनंतर दम उतरतो, पण बैठं काम करणाऱ्याचाही दहा वर्षांत साधारण १० टक्के. तुझं पळणं सुटून दोनच वर्षं झाली, तेवढ्यात एवढा नाही. पळणं सुटलं की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातलं पाणी घटतं, हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं आणि ठोके वाढवून भर काढतं. मांड्यांची ताकद त्यामानानं जास्त टिकते. म्हणून पहिले दोन कट्टे तू झोकात उचललेस. आता याच ताकदीच्या भरवशावर एकदम १६०० मीटर पळायला जाशील, हीच मला भीती. (भरतीच्या वेळचे तुझे ५ मिनिटं २० सेकंद मी आजही मानत नाही. घड्याळ माझ्या हातात होतं, ५:३२ झाले होते.)

रक्त कमी असलं तरी दम लागतो, म्हणून आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी कर. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली म्हणजे कमी. त्याच रिपोर्टात एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार बघ. ८० च्या खाली असेल तर लोहाचा संशय, मग फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह दाखवणारी तपासणी करायची. १०० च्या वर असेल तर बी-१२ बघायचं. लोहाची गोळी लागली तर लिंबूपाण्यासोबत घे, चहा तिच्या आगेमागे नको. शौचाला काळी होते, घाबरू नको. पण पुरुषाचं लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नको, रक्त कुठून जातंय ते विचार: मूळव्याध, पोटातला अल्सर, ओलितात अनवाणी फिरून लागलेले अंकुशकृमी.

सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आईबापांकडून येणाऱ्या आजाराची तपासणीही कर, मामाकडं तो आहे हे तुला माहीतच आहे. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचणीशिवाय एएस (नुसता वाहक) की एसएस (आजार असलेला) हे कळत नाही. एएस माणसाला रोजच्या कामात सहसा काही होत नाही, पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवाच्या आकांतानं पळाला तर जिवावर बेतू शकतं. आणि पोरगी बघायला चाललाच आहेस, तर रिपोर्ट खिशात असू दे. दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. माय-बापांना हे बोलायला जड जातं, तू बोल.

खर्ऱ्याचं पुन्हा म्हणतो, चिडशील तर चिड. तंबाखूनं नाडी वाढते, भूक मरते, आणि नाइट शिफ्टला तुझा डबा तसाच परत येतो, हे मला कळलंय.

रिपोर्ट ठीक आले तर सुरुवात चालण्यानं कर. दोन आठवडे रोज ३० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. मग एक दिवसाआड एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असे आठ फेरे. सकाळी अंथरुणातच पूर्ण एक मिनिट नाडी मोज आणि लिहून ठेव. नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त आले तर त्या दिवशी सुट्टी. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, दहाव्या दिवशी मला फोन करून ओरडू नको.

छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर येऊन पडलास, आडवं झाल्यावर दम लागला किंवा पाय सुजले, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात जा, ईसीजी काढ. दोन आठवडे खोकला असेल तर टीबीसाठी थुंकीही तपासून घे.

खोलीचं भाडं वाढलं म्हणाला होतास, त्याचं काय झालं? पोरगी कुठली, तेही कळव.

रिपोर्टचा फोटो पाठव, सगळ्या पानांचा. पोळ्याला येशील तेव्हा शाळेमागच्या रस्त्यावर पळू. घड्याळ माझ्याच हातात राहील.

तुझा,
बाळू