जुन्या इमारतींतील एसी आणि भिंतीतले वायरिंग

संपादक महोदय,

उन्हाळा तोंडावर आला की एसीच्या जाहिराती सुरू होतात आणि जुना एसी दुरुस्त करावा की बदलून टाकावा, याची चर्चा घरोघर रंगते. या चर्चेत वीजबचतीच्या लेबलवरचे तारे, हप्ते आणि सवलती यांचा बारकाईने विचार होतो. ज्या घरात ते यंत्र चालायचे आहे, त्या घराची मात्र कोणी चौकशी करत नाही. पुण्यात कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर अशा भागांत १९७० आणि १९८० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली सोसायट्यांमध्ये विजेच्या कामांवर देखरेख करण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या आधारे ठामपणे सांगावेसे वाटते की, जुन्या घरात एसीची देखभाल असो वा नव्या एसीची खरेदी, सुरुवात भिंतीतल्या वायरपासूनच झाली पाहिजे.

या इमारतींचे वायरिंग झाले तेव्हा एका घराचा भार म्हणजे चार-पाच दिवे, तीन-चार पंखे, इस्त्री आणि फार तर एक फ्रिज. त्या हिशोबाने अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या तारा ओढल्या गेल्या आणि त्यातल्या कित्येक आजही तशाच आहेत. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॉटचा, म्हणजे अँपिअरच्या एक तृतीयांश एवढाच प्रवाह घेणारा. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना साधारण सात अँपिअर घेतो आणि उन्हाळ्यात तो तासन्‌तास चालतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह वीसपट झाला की त्याच तारेतली उष्णता चारशेपट होते. त्यातून ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, स्क्रूखाली दबून ती तार हळूहळू सैल पडते आणि जोडाच्या जागी उष्णता साठत जाते. ज्यांच्या घरी जुन्या पॉइंटवर एसी चालतो, त्यांनी मेन स्विच बंद करून प्लग काढून पाहावा. एकच पिन काळवंडलेली असेल आणि सॉकेटवर त्याच छिद्राभोवती तपकिरी डाग असेल, तर तिथला संपर्क सैल आहे, हे नक्की समजावे. अशा वेळी नुसता सॉकेट बदलून भागत नाही.

याहून धोकादायक प्रकार मीटर बोर्डपाशी घडतो. एसी लावल्यावर फ्यूज वारंवार उडू लागला की त्यात जाड तार घातली जाते, किंवा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) सतत पडते म्हणून तिच्या जागी जास्त अँपिअरची बसवली जाते. तक्रार थांबते आणि सर्वांचे समाधान होते. परंतु फ्यूज काय किंवा एमसीबी काय, दोन्ही असतात ते वायरच्या रक्षणासाठी. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर बिघाडाच्या वेळी आधी वायर तापणार, तीही भिंतीच्या आत, कोणाला न दिसता. एसीसाठी मीटर बोर्डपासून स्वतंत्र तांब्याची वायर, तिच्या क्षमतेची एमसीबी, खरोखर जोडलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) एवढी व्यवस्था हवीच. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या पिनेला मागे तारच नसते, हे पुष्कळदा आढळते. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि घरासाठी वीज कंपनीने मंजूर केलेला भार अपुरा असेल तर तो वाढवण्यासाठी वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करावा.

आता देखभालीविषयी. ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ हे वाक्य दर मार्चमध्ये ज्यांच्या कानी पडते, त्यांनी लक्षात घ्यावे की एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे ही देखभाल नव्हे, तो वार्षिक खर्च आहे. नीट काम करणारा कारागीर नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचा फेस लावतो, गळकी जागा बंद करतो, पंपाने नळ्या निर्वात करतो आणि मग यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरतो. आर-२२ या जुन्या गॅसवर चालणाऱ्या यंत्रात नवा आर-३२ गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला तर स्पष्ट नकार द्यावा. दोहोंचे तेल वेगळे असते, आर-३२ चा दाब दीडपटीहून अधिक असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. प्रमाणपत्र पाहायला मागण्याची सवय ग्राहकांनीही लावून घेतली पाहिजे. पावतीवर गॅसचे नाव, वजन आणि गळती कुठे सापडली, या तीन नोंदी असल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एसीतली हवेची जाळी (फिल्टर) दर पंधरवड्याला धुणे हे काम घरचे आहे. त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही.

नवा एसी घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर यंत्र (गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे) जुन्या घराला तुलनेने सोयीचे, कारण ते सुरू होताना जुन्या यंत्रासारखा एकदम मोठा झटका देत नाही. ताऱ्यांबरोबर लेबलवरचे वर्षही वाचावे. जुलै २०२२ मध्ये निकष कडक झाले, तेव्हा पूर्वीचे पाच तारे चारवर आले होते. खोली थंड होत नाही म्हणून मोठ्या टनाचा एसी घेण्याआधी वरच्या मजल्यावरील रहिवाशांनी गच्चीला उष्णता परावर्तित करणारा पांढरा थर द्यावा आणि लाकडी खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. यंत्रावरचा भार त्याने हमखास कमी होतो. आउटडोअर युनिट जुन्या सज्जावर ठेवू नये. तीस-चाळीस किलोंचे, सतत थरथरणारे ओझे पेलण्यासाठी तो सज्जा बांधलेला नसतो आणि आतले लोखंड गंजले असेल तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतते. जुने यंत्र भंगारात देताना नळी कापून गॅस हवेत सोडू देऊ नये. आर-२२ ओझोनच्या थराला घातक आहे आणि तापमानवाढीची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट आहे. तो सिलिंडरमध्ये काढून घेता येतो, तशी अट सौद्यातच घालावी.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचे दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करावे लागते. त्याच वेळी इमारतीची मुख्य केबल, मीटर बोर्ड, अर्थिंग आणि प्रत्येक सदनिकेचा प्रत्यक्ष भार यांचीही तपासणी सक्तीची करावी, अशी माझी सहकार खात्याला विनंती आहे. जी केबल मूळ बारा घरांच्या दिव्या-पंख्यांसाठी टाकली, तिच्यावर आज बारा घरांचे एसी एकाच रात्री चालतात; एका सदस्याने आपल्या घरातले वायरिंग बदलून तिचा प्रश्न सुटत नाही. खात्याचा आदेश येण्याची वाट न पाहता संस्थांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा आणि काम ऑक्टोबर ते जानेवारी या काळात उरकावे, म्हणजे ठेकेदारही मिळतात आणि वीज बंद ठेवली तरी कोणाचे हाल होत नाहीत.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, पुणे